एका रात्रीचे ऐश्वर्य

घराबाहेर मुक्काम करणे ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही; केवळ विश्रांतीसाठी मुक्काम करणे ही मात्र नवी आहे. पूर्वी मनुष्य गाव सोडी तो यात्रेसाठी, लग्नकार्यासाठी, कोर्टकचेरीसाठी किंवा आजारी आप्ताच्या समाचारासाठी. रात्र धर्मशाळेत जाई, नाही तर पाहुण्यांच्या ओसरीवर. आज नांदेड व लातूर ही शहरे चोहोंकडून वाढली आहेत. कचेरी, दुकान, दवाखाना आणि मुलांच्या परीक्षा यांच्या तालावर घरे चालतात. विशेषतः लातुरात तर शिकवणीच्या वेळापत्रकाप्रमाणे स्वयंपाकघराचीही घंटा वाजते. अशा घराला आठ दिवसांची सुटी मिळणे कठीण. म्हणून जवळच कोठेतरी एकच रात्र, पण थाटात काढावी, असा विचार आता पुष्कळ कुटुंबांत होऊ लागला आहे. विचार चांगला आहे. परंतु थाट म्हणजे काय याचा निर्णय न करता निघालेली मंडळी बहुधा अधिक दमून परत येतात.

महाग खोली, मऊ गादी आणि पक्वान्नांचे ताट यांना लोक ऐश्वर्य म्हणतात. ही ऐश्वर्याची साधने झाली. ज्या रात्री अंगावरचा नित्याचा भार खरोखर उतरतो, ती रात्र ऐश्वर्याची, ही व्याख्या अधिक नेमकी ठरेल. ती मान्य केली म्हणजे दोन प्रश्न आपोआप पुढे येतात. भार घरातील सर्वांचा उतरला की काहींचाच? आणि उतरलेला भार दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर तर गेला नाही ना? या दोन प्रश्नांना धरून आखणी केली, तर बाकीचे तपशील सहज जुळतात.

या प्रदेशातील जुन्या राज्यकर्त्यांनाही विसाव्याची आवड होती, आणि त्यांनी तो कशात शोधला हे पाहण्यासारखे आहे. धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गचा किल्ला आहे. तेथे बोरी नदीवर दगडी बंधारा घालून किल्ल्याचे दोन भाग जोडले आहेत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ च्या सुमारास, हे काम झाले. बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल आहे. त्यास पाणीमहाल म्हणतात. पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली म्हणजे पाणी महालाच्या खिडक्यांसमोरून पडद्यासारखे खाली कोसळते आणि आत बसलेला मनुष्य कोरडा राहतो. सांडव्यांच्या दोन धारांना लोकांनी नर आणि मादी अशी नावे दिली आहेत. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, बंधारा किल्ल्याला पाणी मिळावे म्हणून होता. महाल हा त्या उपयोगातून निघालेला आनंद होता. कंधारच्या किल्ल्याभोवतीचा पाण्याने भरलेला खंदक आणि राष्ट्रकूटांच्या नावाशी निगडित असलेला तेथील जगत्तुंग समुद्र हा तलाव हेही त्याच जातीचे. कोरड्या मुलखात पाण्याचा गारवा हेच परमसुख, हे त्या काळच्या कारागिरांनी ओळखले होते.

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळावे. प्रथम तासांचा हिशेब करावा. बहुतेक विश्रामस्थळी खोली दुपारी बाराच्या पुढे मिळते आणि दुसऱ्या दिवशी दहा-अकराच्या सुमारास रिकामी करावी लागते. म्हणजे पदरात पडतात ते जेमतेम बावीस-तेवीस तास. त्यांतून निजेचे आठ व जेवणखाण, स्नान यांचे चार-पाच वगळले, तर मोकळे तास दहाच उरतात. या दहा तासांत तीन किल्ले, दोन देवळे आणि एक धबधबा बसविण्याचा अट्टहास करणाऱ्याने घरीच राहिलेले बरे. एका रात्रीच्या सहलीत पाहण्याचे ठिकाण एकच असावे, आणि जाण्याचा प्रवास शक्यतो दोन तासांहून अधिक नसावा.

हे माप लावले असता लातूरकरांना बरीच निवड आहे. औशाचा भुईकोट अवघ्या वीस किलोमीटरांवर आहे. त्याच तालुक्यातील खरोसा येथे जांभ्या दगडाच्या टेकडीत कोरलेली प्राचीन लेणी आहेत. संध्याकाळच्या उतरत्या उन्हात तो तांबूस दगड फार शोभतो. उदगीर सुमारे पासष्ट किलोमीटर. सदाशिवरावभाऊंनी १७६० साली निजामावर विजय मिळविला तो येथेच, आणि तेथील किल्ला अजून उभा आहे. नळदुर्ग सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे दोन तासांची मर्यादा तेथे संपते. नांदेडकरांना कंधार सुमारे पन्नास किलोमीटर पडते. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा शंभराच्या आसपास आहे. माहूर त्याहूनही दूर. तेथील सागाची वने व डोंगरावरची हवा थंडीच्या दिवसांत मनाला उल्हास देतात; पण श्रीरेणुकेचे व दत्तात्रेयाचे ते क्षेत्र आहे. तेथे भाविकाच्या वृत्तीने जावे. चैनीची अपेक्षा बरोबर नेऊ नये.

ठिकाणानंतर ऋतू. दिनदर्शिका आणि पंचांग दोन्ही समोर ठेवावीत. पाणीमहाल आणि सहस्रकुंड यांचे वैभव श्रावणापासून आश्विनापर्यंत. त्यातही सहस्रकुंडाचे पाणी पावसावर आणि वरच्या अंगाच्या इसापूर धरणातून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी. तेथील खडक निसरडे आहेत. पाहावे दुरूनच, पाण्यात उतरू नये. किल्ले व लेणी यांसाठी कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. रात्र शुक्ल पक्षातील निवडली तर चांदण्याचे दिवे फुकट मिळतात, आणि त्यांसारखी रोषणाई कोणतेही विश्रामगृह करू शकत नाही. उलट गर्दीचे दिवस टाळावेत. नवरात्रात व दत्तजयंतीस माहूर भरून जाते. गुरुद्वाऱ्यातील उत्सवांच्या वेळी नांदेडच्या खोल्या दूरच्या यात्रेकरूंनी आधीच घेतलेल्या असतात. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेमुळे नांदेड–लातूर रस्त्यावर दाटी होते.

मुक्कामाची जागा ठरविताना भाड्याचा आकडा शेवटी विचारावा. आधी विचारावयाच्या गोष्टी निराळ्या आहेत. रात्री आवाज बंद होतो काय, की लग्नाच्या मंडपातील कर्णे पहाटेपर्यंत चालू असतात? डासांचा बंदोबस्त आहे काय? वृद्धांना पायऱ्या चढाव्या लागतात काय? जेवण ताजे मिळते काय, आणि किती वाजेपर्यंत? मोटार चालविणारा पगारी मनुष्य असेल, तर त्याला निजावयास खाट व बसून जेवण मिळेल काय? हा शेवटचा प्रश्न फार थोडे गृहस्थ विचारतात. मालक मऊ गादीवर आणि सारथी मोटारीच्या बैठकीवर पाय मुडपून, अशा रात्रीला ऐश्वर्य म्हणता येणार नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी साऱ्या कुटुंबाचा जीव त्याच्याच हाती असतो. त्याची झोप ही सर्वांची सुरक्षितता आहे.

याहून मोठा प्रश्न पाण्याचा. लातूरच्या माणसाला तो समजावून सांगण्याचे कारण नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि शहराला पाणी देण्यासाठी मिरजेहून आगगाडी आणावी लागली. एप्रिल महिन्यात पहिली गाडी सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आता एक साधा हिशेब करावा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व सव्वा मीटरांहून किंचित कमी खोल असा लहानसा पोहण्याचा हौद भरण्यास सुमारे साठ हजार लिटर पाणी लागते. माणशी चाळीस लिटर धरले, तर ते दीड हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. ज्या गाडीकडे सारे शहर डोळे लावून बसले होते, तिच्यातील सर्व पाण्याने असे आठच हौद भरले असते.

याचा अर्थ पोहणे पाप आहे असा नव्हे. पावसाळ्यानंतर विहिरी, तलाव तुडुंब असताना, तेच पाणी गाळून पुनःपुन्हा वापरणाऱ्या ठिकाणी मुलांनी मनसोक्त डुंबावे. परंतु चैत्र-वैशाखात, शेजारच्या वस्तीवर बाया घागरी घेऊन टँकरची वाट पाहत असता, त्याच रस्त्याने आलेल्या दुसऱ्या टँकरने भरलेल्या हौदात पोहणे हे सुख नव्हे, ती उसनवारी होय. आणि जिच्याकडून ती घेतली तिला कोणी विचारलेलेही नसते. म्हणून उन्हाळ्यात खोली ठरविण्यापूर्वी पाणी कोठून येते हे स्पष्ट विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले म्हणजे मालकही विचार करू लागतो. नळदुर्गच्या बंधाऱ्याने आधी पाणी साठविले आणि मग महाल थंड केला. हा क्रम उलटा करण्याचा अधिकार आजच्या धनिकालाही नाही.

पाण्याप्रमाणेच घरातल्या श्रमांचाही हिशेब मांडला पाहिजे. लातूर, धाराशिव व नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या साजरी होते. त्या दिवशी शहरातील रस्ते ओस पडतात व सारी कुटुंबे शेतावर लोटतात. कडब्याची कोप उभी करतात, पांडवांची पूजा करतात आणि भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर यांचा बेत होतो. ओळखीचा असो वा नसो, वाटेने जाणाऱ्याला आग्रहाने बसवितात. इतकी रम्य सहल दुसऱ्या प्रांतात क्वचितच आढळेल. पण त्या आनंदाच्या मागे घरातील स्त्रियांचे आदल्या रात्रीचे जागरण असते. सणाच्या दिवशी ते श्रद्धेने होते व त्यास मान आहे. मात्र विश्रांतीच्या सहलीतही हीच रीत चालू राहिली, म्हणजे आदल्या दिवशी दशम्या-धपाटे, चिवडा, चटण्या, मुलांचे कपडे, आजोबांची औषधे हे सारे गृहिणीनेच बांधावयाचे आणि परत आल्यावर डबे तिनेच घासावयाचे, तर सर्वांना एक रात्र सुटी मिळाली आणि तिला मात्र दोन दिवसांचे काम वाढले. तेव्हा नियम असा करावा की, खाण्याचे काही घरून न्यावयाचे नाही, प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरावयाची, आणि परतल्या दिवशीचे रात्रीचे जेवण कोणी करावयाचे हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावयाचे. एखाद्या खोलीच्या वाढीव भाड्यापेक्षा या नियमाने घरात अधिक सुख येते.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट निवडून तिच्यावर सढळ हात ठेवावा व बाकी साधे असावे. कोणास उत्तम जेवण प्रिय, कोणास प्रशस्त खोली, कोणास जाणत्या वाटाड्याकडून किल्ला समजावून घेणे. सर्वच गोष्टींत थाट करू पाहणाऱ्याचे लक्ष शेवटी पैशाकडे लागते, आणि पैशाची चिंता बरोबर नेली तर ती सोडून यावयाचे राहूनच जाते.

इतके सांगूनही, या भागातील सर्वांत उंची मुक्काम कोणता असे कोणी विचारले, तर उत्तर पौष-माघातील शेताचे द्यावे लागेल. ज्वारी हुरड्यात आलेली असते. अलीकडे पाहुण्यांची राहण्याची सोय करणारे शेतकरी ठिकठिकाणी आहेत. सायंकाळी जाऊन पोहोचावे, पिठले-भाकरी खाऊन आभाळाखाली शेकोटीशी बसावे, रात्री जाड वाकळ पांघरून निजावे. सकाळी गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजून, हातावर चोळून निघालेला गरम हुरडा तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीशी खावा आणि वर ताक प्यावे. याला हौद लागत नाही, वातानुकूलित खोली लागत नाही. एवढेच पाहावे की, पाहुणचार म्हणून शेतकऱ्याला घासाघीस न करता योग्य मोबदला दिला जातो, आणि आगटीपाशी राबणाऱ्या त्याच्या घरच्या बाईला कामकरीण न समजता यजमानीण मानले जाते.

एक रात्र ही लहान गोष्ट आहे. तिने आयुष्य बदलत नाही. पण घरातील सर्वांत अधिक राबणारे माणूस त्या सकाळी कोणी न उठविता आपणहून जागे झाले, आणि ज्या गावात मुक्काम केला त्या गावाचे पाणी किंवा झोप आपल्यामुळे उणी झाली नाही, तर ती रात्र ऐश्वर्यात गेली असे खुशाल समजावे. असे घर परत आले म्हणजे यजमान गाव त्याला पुन्हा या म्हणते, आणि ते म्हणणे मनापासून असते.