दर मार्चला नवा चेंडू?

माझ्याकडच्या एका दोनशेपानी वहीत चार मार्च महिन्यांचा हिशेब आहे. तो सगळा एकाच गोष्टीचा आहे: माझ्या नातवाच्या बेसबॉलच्या व्हिडिओ गेमचा.

मी तेहतीस वर्षं पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवलं. आता बावधनला लेकीकडे राहते. लेक, जावई आणि नातू जून २०२२ मध्ये सिएटलहून कायमचे परत आले. नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. बाकीचं सामान मागाहून जहाजानं आलं, पण तीन वस्तू त्यानं विमानात स्वतःजवळ ठेवल्या होत्या. चामड्याचा बेसबॉल ग्लव्ह, सिएटल मरिनर्सची टोपी आणि प्लेस्टेशन. प्लेस्टेशनबरोबर एकच गेम होता, ‘एमएलबी द शो २२’.

आमच्या सोसायटीत मुलं पार्किंगमध्ये टेनिसच्या चेंडूनं क्रिकेट खेळतात. ग्लव्ह घालून समोर उभं राहणारा जोडीदार त्याला मिळेना, म्हणून त्याचं मैदान पडद्यावरच राहिलं. मी शेजारी बसायला लागले. आमच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ होता आणि स्पर्धांना त्यांच्यासोबत मी जायचे. त्यामुळे पिचर, कॅचर, बेस, होमरन हे शब्द मला परके नव्हते. महिन्याभरात मी पडद्यावरच्या आमच्या संघाचा फलंदाजीचा क्रम सुचवू लागले.

मार्च २०२३ मध्ये तो म्हणाला, “आजी, नवीन आलाय.”

“अरे, आहे ना एक आपल्याकडे?”

“तो मागच्या वर्षीचा आहे.”

भिंतीवरच्या जुन्या कालनिर्णयाबद्दल आपण ज्या सुरात बोलतो, तोच सूर होता. त्या दिवशी मी वही काढली. क्रिकेट, फुटबॉल, बास्केटबॉल, कुठलाही खेळ घ्या, असे दर वर्षी नव्या आकड्यानं येणारे गेम आज असंख्य घरांत आहेत. नवा गेम घ्यायचा का, हा प्रश्नही त्या सगळ्या घरांत दर वर्षी उभा राहतो.

नव्या आकड्यात काय असतं?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. मोसम मार्चच्या अखेरीस सुरू होतो, म्हणून गेमही साधारणपणे मार्चमध्येच बाजारात येतो. सोनीच्या सॅन डिएगो इथल्या स्टुडिओनं ‘द शो’ या नावाचा पहिला गेम २००६ मध्ये काढला. तेव्हापासून तो दर वर्षी येतो. २०२१ पासून तो एक्सबॉक्सवर आणि २०२२ पासून निन्टेंडो स्विचवरही मिळू लागला.

वर्षभरात खेळाडू संघ बदलतात, निवृत्त होतात, नवे येतात. यासाठी नवी आवृत्ती लागते, असं मला आधी वाटायचं. पण चालू आवृत्तीतल्या संघांच्या याद्या आणि खेळाडूंचे गुण मोसमभर आपोआप बदलत राहतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. जुलैअखेर एखादा पिचर दुसऱ्या संघात गेला, की गेममध्येही तो तिकडे दिसतो. म्हणजे नव्या आवृत्तीचे पैसे आपण मोजतो ते पुढच्या मोसमाच्या याद्या, खेळातल्या थोड्या सुधारणा आणि एखादा नवा विभाग यांसाठी.

मागे काय राहतं, हे मात्र खोक्यावर लिहिलेलं नसतं. या गेममध्ये ‘डायमंड डायनॅस्टी’ नावाचा विभाग आहे. त्यात खेळाडूंची पत्त्यांसारखी कार्डं जमवून आपला संघ बांधायचा असतो. ही कार्डं खेळून मिळवता येतात, तशीच खरे पैसे देऊनही घेता येतात. नवी आवृत्ती घेतली की ही कार्डं तिच्यात येत नाहीत. वर्षभराची जमवाजमव जुन्या गेममध्येच राहते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाय काही काळानं जुन्या आवृत्तीचे ऑनलाइन सर्व्हर बंद होतात. मग घरातल्या घरात खेळता येतं, मित्रांशी नाही.

जुनं कॅलेंडर आपण काढतो, कारण ते वर्षच संपलेलं असतं. खेळ तसा संपत नाही. तीन स्ट्राइकला बाद आणि चार बॉलला पहिला बेस, हे मागच्या वर्षीही होतं आणि पुढच्या वर्षीही राहील. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. ‘एमएलबी २के’ ही स्पर्धक मालिका २०१३ मध्ये थांबली. तेव्हापासून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर खऱ्या लीगचं इतकं हुबेहूब चित्र देणारा दुसरा गेम नाही. गावात एकच दुकान असलं की माल बदलण्याची घाई दुकानदाराला नसते.

वहीतले आकडे

प्लेस्टेशन ५ साठी या गेमची किंमत ७० डॉलर. नातवाचं खातं अमेरिकेतलं असल्यामुळे आम्ही डॉलरमध्येच पैसे भरतो. २०२३ आणि २०२४ ला दोन्ही वेळा पावणेसहा हजारांच्या आसपास रुपये गेले. प्लेस्टेशनवर कुठला गेम किती तास खेळला ते दिसतं. २०२३ ची आवृत्ती तो वर्षभरात २१० तास खेळला, म्हणजे तासाला सत्तावीस रुपये पडले. २०२४ ची ७२ तास खेळला. तिथे तासाला ऐंशी रुपये पडले.

हा फरक का पडला, ते शोधायला मी दोन्ही वर्षांची पानं शेजारी ठेवली. २०२३ मध्ये खऱ्या बेसबॉलचेच नियम बदलले होते. पिचरनं किती सेकंदांत चेंडू टाकायचा, याला घड्याळ लागलं: बेसवर कोणी नसेल तर १५ सेकंद, असेल तर २०. बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली. क्षेत्ररक्षकांनी कुठे उभं राहायचं, यावर बंधन आलं. खेळच बदलला, तेव्हा नव्या गेममध्ये शिकण्यासारखं खूप होतं.

त्याच आवृत्तीत आणखी एक भाग होता आणि त्यासाठी मी त्या गेमची ऋणी आहे. तो भाग निग्रो लीगचा. कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती, तेव्हा ते आपल्या वेगळ्या लीगमध्ये खेळत. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ती भिंत पडली. कॅन्सस सिटीतल्या निग्रो लीग संग्रहालयाचे प्रमुख बॉब केंड्रिक या भागात गोष्टी सांगतात आणि मग मूल त्या लीगमधला पिचर सॅचेल पेज होऊन तेच सामने खेळतं. पुढे मे २०२४ मध्ये मेजर लीगनं या लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले. तेव्हा निग्रो लीगमधला जॉश गिब्सन कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या .३७२ सरासरीनं मेजर लीगच्या टाय कॉबच्या पुढे जाऊन पहिला आला. त्या रात्री नातवानं मला जेवणावरून उठवून ती बातमी दाखवली.

तो भाग खेळताना त्यानं विचारलं होतं, “आजी, आपल्याकडे असं होतं?” मी त्याला पळवणकर बाळूंची गोष्ट सांगितली. पुण्यात साहेबांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची देखभाल करणारा हा दलित तरुण नेटमध्ये त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायचा. पुढे हिंदू संघात तो बळी घ्यायचा आणि चहा मात्र त्याला बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळालं. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “यांचा गेम का नाही?”

२०२४ च्या आवृत्तीत पहिल्यांदाच मुलगी होऊन कारकीर्द खेळण्याची सोय आली. माझ्या सॉफ्टबॉलच्या मुली आठवून मला आनंद झाला. पण नातवाच्या रोजच्या खेळात त्या वर्षी फारसं नवं काही नव्हतं. आम्ही ती आवृत्ती सवयीनं घेतली होती आणि सवयीचा दर तासाला ऐंशी रुपये पडला.

मामाचा ‘क्रिकेट ०७’

याच्या अगदी उलटी गोष्ट माझ्या घरात आधीच घडून गेली होती. माझा मुलगा, म्हणजे नातवाचा मामा, कॉलेजात असताना ईए कंपनीचा ‘क्रिकेट ०७’ खेळायचा. तो नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्या काळी पुण्यातल्या सायबर कॅफेंमध्ये आणि घरोघरच्या संगणकांवर मुलं त्याच्यावर तुटून पडायची. भारतीय संघाचा परवाना नसल्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं त्यात मोडूनतोडून दिलेली होती. त्यानंतर ईएनं क्रिकेटचा असा गेम काढलाच नाही. मग खेळणाऱ्यांनीच नावं दुरुस्त केली, नवे कपडे चढवले, आयपीएलचे संघ घातले. असे पॅच जगभरातली हौशी मुलं वर्षानुवर्षं बनवत राहिली. माझा मुलगा एकाच गेमवर किती मोसम खेळला, त्याची गणती नाही.

बेसबॉलमध्येही हेच झालं. ईएचा ‘एमव्हीपी बेसबॉल २००५’ लोकांना फार आवडला. पुढे परवाना दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि मालिका थांबली. त्या गेमलाही खेळणाऱ्यांनीच नव्या याद्या घालून जिवंत ठेवलं. गेम चांगला असेल तर एक आवृत्ती वर्षानुवर्षं पुरते, हे या दोन गेमनी दाखवून दिलं.

आता पुण्यातच क्रिकेटचे गेम बनतात. नॉटिलस मोबाइल या पुण्याच्या कंपनीची ‘रिअल क्रिकेट’ ही मालिका लाखो फोनवर आहे. तिच्याही २०, २२, २४ अशा आवृत्त्या आल्या. २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टननं या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. हा गेम फोनवर फुकट उतरवता येतो, पण आत खरेदीची सोय असते. तिथे आवृत्तीची किंमत विचारण्यापेक्षा महिन्याकाठी आत किती पैसे गेले ते पाहावं लागतं. माझी या पुण्याच्या मंडळींना एक विनंती आहे. पळवणकर बाळूंचं पुणं तुमच्या गेममध्ये आणा. त्यासाठी पैसे मोजायला मी तयार आहे.

वर्गणीचा चेंडू

माझ्या हिशेबात एक रकाना राहून गेला होता. तो मार्च २०२५ मध्ये सापडला. मी नातवाला वही दाखवली, ७२ तासांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “या वर्षी नको.” त्यानं वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, “मग रविवारी मी कोणाशी खेळू?”

रविवारी सकाळी आठला बावधनच्या आमच्या घरात गेम सुरू होतो, तेव्हा सिएटलमध्ये शनिवारची संध्याकाळ असते. तिकडचे त्याचे दोन मित्र येतात. हेडफोनवर तिघांच्या गप्पा चालतात, शाळेच्या, कुत्र्याच्या, मरिनर्सच्या. ७२ पैकी बहुतेक तास या रविवारांचे होते. दोघं मित्र नव्या आवृत्तीत गेले असते, तर हा जुन्या मैदानात एकटा उरला असता.

मी शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढले. आम्ही मुलं चार-चार आणे वर्गणी काढून चेंडू आणायचो. चेंडू सगळ्यांचा असायचा आणि तो फाटेपर्यंत खेळ चालायचा. या गेमचा चेंडू प्रत्येकाला स्वतःचा घ्यावा लागतो. ऑनलाइन खेळायचं तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी वेगळी भरावी लागते. आणि एकानं नवा चेंडू घेतला की बाकीच्यांचा जुना ठरतो. म्हणून हा निर्णय एका घरानं घेऊन भागत नाही.

मी नातवाला म्हटलं, “मित्रांना विचार. तिघं मिळून थांबाल का?” त्या रविवारी तिघांचं बोलणं झालं. त्या दोघांच्या घरीही हाच वाद चालू होता. तिघांनी जुन्याच गेमवर राहायचं ठरवलं. ऑक्टोबरअखेर मोसम संपत आला की या गेमची किंमत उतरते. नोव्हेंबरमध्ये तिघांनी २०२५ ची आवृत्ती निम्म्याहून कमी किमतीत घेतली. त्या मोसमात मरिनर्सच्या कॅल रॅलीनं ६० होमरन मारले होते, कुठल्याही कॅचरनं एका मोसमात मारलेले सर्वांत जास्त. नव्या गेममध्ये तो त्या गुणांसह तयार मिळाला.

मग घ्यायचा की नाही? दर वर्षी नाही. मागच्या महिन्यात मूल तो गेम किती तास खेळलं, ते आधी बघा. खेळाचे नियम बदलले आहेत का, किंवा निग्रो लीगसारखं खरोखर नवं काही आलं आहे का, ते बघा. मूल कोणाबरोबर खेळतं हे विचारा आणि त्या घरांशी बोला. खेळून मिळणाऱ्या कार्डांसाठी खरे पैसे कधीच देऊ नका. आणि घ्यायचंच ठरलं, तरी मार्चमध्ये घेऊ नका.

२०२६ च्या मोसमासाठी मेजर लीगनं मोठा बदल ठरवला: पंचाच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला खेळाडू यंत्राच्या मदतीनं आव्हान देऊ शकतो. नातवाला त्याची फार उत्सुकता आहे. तरी वहीत चौथ्या मार्चच्या पानावर त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: “दिवाळीपर्यंत थांबायचं.” खाली तिघांची नावं आहेत.