स्वमग्न मुलांना आपण काय चोरायला लावतो?

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतला नायक रेल्वेच्या नोकरीवर जात सांगत नाही आणि उघड झाल्यावर मार खातो. सोलापुरातून पुण्याला शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. खोली बघायला गेल्यावर मालक पूर्ण नाव विचारतो, तेव्हा घशात काय अडकते ते त्यांना ठाऊक आहे. आज आम्ही स्वमग्नतेवर, म्हणजे ऑटिझमवर लिहीत आहोत, आणि सुरुवात इथूनच करणे बरे वाटले.

स्वमग्नता हा आजार नाही. मेंदूची घडणच वेगळी असते. आडून बोललेले पटकन न कळणे, आवाज-उजेड सहन न होणे, ठरलेला क्रम मोडला की अस्वस्थ होणे, हे प्रत्येकात कमीअधिक असते. (‘स्वमग्न’ हा शब्दच आम्हाला खटकतो. ही माणसे स्वतःतच बुडालेली असतात असे मुळीच नाही. पण रुळलेला शब्द तोच.)

यांतल्या अनेकांचे बोलणे सरळ असते. पाहुणे “निघतो आता” म्हणाले की थांबायचा आग्रह करायचा असतो. हा मुलगा “बरं, या” म्हणतो. स्वमग्न माणसे खोटे बोलूच शकत नाहीत, असे नाही. उगाच त्यांना संत बनवू नये. पण समोरच्याला बरे वाटावे म्हणून आपण दिवसभर जे बारीकसारीक खोटे बोलतो, त्याची गरजच अनेकांना पटत नाही, आणि ते जमवायला फार कष्ट पडतात.

मग सुरू होते, “डोळ्यांत बघून बोल”, “हात हलवू नकोस”, “असं तोंडावर बोलतात का?” मूल हळूहळू इतरांची नक्कल शिकते. याला मास्किंग म्हणतात. ब्रिटनमधल्या लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी ९२ स्वमग्न प्रौढांना याबद्दल विचारले. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सोंग वठवून जीव थकतो, आणि आपण नेमके कोण हेच कळेनासे होते, असे अनेकांनी सांगितले. जात लपवणारा निदान घरी आल्यावर मोकळा होतो. स्वमग्न मुलाला घरीही सोंग उतरवता येत नाही, कारण ते शिकवणारे आपणच.

आणि विहारात आपण पंचशील घेतो, त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे.

यावर कार्यकर्ते विचारतील की सम्यक वाचेत कठोर बोलणेही वर्ज्य आहे, त्याचे काय? मज्झिम निकायातल्या अभयराजकुमार सुत्तात याचे उत्तर सापडते. सत्य आणि हिताचे असेल तर ऐकणाऱ्याला न आवडणारे वचनही तथागत बोलतात, मात्र योग्य वेळ पाहून. ही वेळ ओळखणेच स्वमग्न व्यक्तीला अवघड जाते. मग ती आपण सांगावी. “आत्ता नको, सभा संपल्यावर बोल” एवढे स्पष्ट वाक्य पुरते. डोळे वटारून त्याला काहीच कळत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये हेच मांडले, की न समजणे दोन्हीकडून असते. ते आपल्याला कळत नाहीत, तसे आपणही त्यांना कळत नाही. बदलायला मात्र एकालाच सांगितले जाते.

भीमजयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढे कान झाकून “मला घरी जायचंय” म्हणणारा मुलगा बाबासाहेबांचा अपमान करत नसतो. तिथल्या कितीतरी मोठ्या माणसांच्या मनात तेच असते, ते बोलत नाहीत इतकेच.

लपवण्याचा आणखी एक प्रकार घराघरांत चालतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाण किमान ४० टक्के असेल तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाचा हक्क मिळतो; त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार वगैरेंसाठी आहे. तरी “लोक काय म्हणतील” म्हणून प्रमाणपत्र काढले जात नाही. आरक्षणाचा अर्थ ज्या समाजाला सगळ्यात आधी कळला, त्याच्याच घरांत हे व्हावे हे आम्हाला विचित्र वाटते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यायची असते. वस्तीत जात प्रमाणपत्राचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणाऱ्या पोरांना हाही फॉर्म सहज भरता येईल.