ताडाच्या झडपांचं घर

अलिबागच्या किनाऱ्यावर खारा वारा लोखंडी ग्रिल गंजवतो, पावसाळा रंगाचे पोपडे काढतो. इथे देखभालीचा विचार नकाशा काढतानाच व्हायला हवा.

अलिबागहून मुरूडकडे जाताना नांदगाव लागतं. तिथल्या नारळाच्या वाडीत वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २००७ मध्ये ‘पामायरा हाऊस’ पूर्ण केलं. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, जोतं स्थानिक काळ्या दगडाचं. दर्शनी बाजूंना ताडाच्या खोडाच्या बाहेरच्या, टणक भागातून काढलेल्या पट्ट्यांच्या झडपा आहेत. त्यांनी ऊन अडतं, वारा मात्र खेळता राहतो. आवारातल्या विहिरींचं पाणी उंच टाकीत चढवलं की पुढे आपल्या भारानेच नळाला येतं.

लाकडाकडे लक्ष द्यावं लागतंच. पण एखादी पट्टी खराब झाली, तर तेवढीच बदलता येते.