संत्र्याच्या चोथ्याचे मोल

रस काढला की फळाचे काम संपले, अशी आपली समजूत असते. संत्र्याच्या बाबतीत ही समजूत तराजूवरदेखील टिकत नाही. कारखान्यात रस निघाल्यावर साल, पापुद्रे, चोथा व बिया मिळून मूळ फळाचे सुमारे निम्मे वजन मागे उरते. विदर्भातले संत्रे बहुतेक घरोघर सोलून खाल्ले जाते; त्यामुळे त्याची साल गावभर विखुरते. त्याचा रस करून ठेवला तर तो काही वेळाने कडू होतो, ही आणखी एक अडचण. फळात जे द्रव्य कडू नसते, त्यापासूनच रसातील आम्लाच्या संगतीत लिमोनिन नावाचे कडू द्रव्य सावकाश तयार होते. तरी जेथे रसाचे कारखाने आहेत, तेथे सालीचे ढीग साचतात आणि त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहतो.

संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीजवळ मुरडली की तडतडून ठिणग्या उडतात, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केलेला आहे. तो बाहेरच्या केशरी थरातील तेलाचा प्रताप. आतल्या पांढऱ्या थराला मात्र कोणी विचारीत नाही. फार तर सालीची भुकटी उटण्यात पडते. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची दोन द्रव्ये याच थरात अधिक आहेत : हेस्पेरिडीन आणि पेक्टिन.

लेब्रेतों या फ्रेंच संशोधकाने १८२८ मध्ये हेस्पेरिडीन वेगळे काढले. ते मिळविण्याची जुनी रीत आपल्या पानाच्या डब्यातील चुन्यावर चालते, असे म्हणावयास हरकत नाही. हे द्रव्य थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चुन्याच्या पाण्यात मात्र विरघळते. म्हणून ताजी साल चिरून चुन्याच्या पाण्यात कालवावयाची, दाबून पाणी काढावयाचे, गाळावयाचे आणि त्यात आम्ल घालावयाचे. मग विरघळलेले हेस्पेरिडीन पुन्हा बारीक कणांच्या रूपाने तळाशी बसते.

पण ते शरीराला उपयोगी आहे काय? या प्रश्नाला एक बोधप्रद इतिहास आहे. क जीवनसत्त्वावरील संशोधनाबद्दल ज्यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्या हंगेरीच्या सेंट-ज्योर्जी यांनी त्याआधी एक वर्ष असे मांडले की, लिंबातील व तांबड्या मिरचीतील या जातीच्या द्रव्यांनी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा कमकुवतपणा कमी होतो. त्यांनी त्याला ‘प’ जीवनसत्त्व म्हटले. परंतु ते न मिळाल्याने माणसाला ठरावीक रोग होतो, हे काही सिद्ध झाले नाही. १९५० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी ते नाव सोडून देण्याची शिफारस केली. नाव गेले, तरी द्रव्य निरुपयोगी ठरले नाही. हेस्पेरिडीनपासून बनविलेले डायॉस्मिन पायाच्या शिरांच्या विकारांवर व मूळव्याधीवर युरोपात अनेक वर्षे दिले जाते. मात्र परीक्षानळीतील गुण आणि पोटातील गुण एक नव्हेत. हेस्पेरिडीनला दोन शर्करा जोडलेल्या असतात. त्या लहान आतड्यात सहसा सुटत नाहीत. मोठ्या आतड्यातील जंतू त्या तोडतात, तेव्हा कोठे द्रव्य अंगी लागते, आणि तेही थोडेच. डब्यावर ‘अँटिऑक्सिडंट’ असे ठळक छापणारा व्यापारी हे सांगत नाही.

माझ्या मते पेक्टिनची बाजू अधिक भक्कम आहे. पेरूची जेली ज्याच्यामुळे धरते तेच हे पेक्टिन. दिवसाला ६ ग्रॅम पेक्टिन पोटात गेल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल योग्य प्रमाणात राहण्यास मदत होते, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये ग्राह्य धरला. सालीतून ते गरम, आम्लयुक्त पाण्याने काढतात व मद्यार्क घालून साकळवितात.

येथे खरी ओढाताण सुरू होते. हेस्पेरिडीनसाठी चुना वापरला की पेक्टिनची घट्ट जेली धरण्याची शक्ती बिघडते. एकाच्या लोभाने दुसरे हातचे जाते. यावर उपाय म्हणजे आधी तेल काढून घेणे, मग पाणी मिसळलेल्या गरम मद्यार्काने हेस्पेरिडीन धुऊन काढणे आणि शेवटी उरलेल्या सालीतून पेक्टिन मिळविणे. मद्यार्क पुन्हा ऊर्ध्वपातनाने परत मिळवावा लागतो, नाहीतर हिशेब जमत नाही.

हिशेबातील मोठा आकडा मात्र पाण्याचा आहे. ताज्या सालीत चार भागांपैकी सुमारे तीन भाग पाणी असते. ती तशीच ठेवली तर आंबते, बुरशी धरते. वाळवावी तर इंधन जळते. शिवाय बागेत फवारलेल्या औषधांचा अंश सालीवरच अधिक राहतो, आणि अर्क दाट करताना तोही दाट होऊ शकतो. म्हणून औषधी उपयोगाची साल कोणत्या बागेतून आली व तिच्यावर काय फवारले होते, याची नोंद आणि तपासणी हवी. गावचा कचरा गोळा करून हे काम व्हावयाचे नाही. रसाच्या कारखान्याला लागूनच, त्याच दिवशी साल हाती घेणारा विभाग लागतो. हे सर्व काढून झाल्यावर उरणारा चोथा वाळवून गुरांच्या खाद्यात मिसळता येतो.