लग्नगाठ (भाग ४) : मोडले, की जुळलेच नव्हते?

मागच्या भागात आपण शुभवर्तमानांतला एक पेच पाहिला. घटस्फोटाबद्दलचे येशूचे बोल मार्क आणि लूक बिनशर्त देतात. मत्तय मात्र त्यात जारकर्माचा अपवाद घालतो. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने आणखी एक वाट मोकळी ठेवली आहे : विश्वास न ठेवणारा जोडीदार आपणहून निघून गेला, तर मागे राहिलेला बांधलेला नाही. प्रोटेस्टंटांनी या दोन जागा धरल्या. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीने व्यभिचार आणि कायमचा त्याग ही घटस्फोटाची कारणे मानली. कॅथलिक चर्च मात्र जागचे हलले नाही. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचे लग्न रीतसर लागले आणि शरीरसंबंधाने पूर्णत्वाला गेले, की मृत्यूखेरीज ते कोणीही सोडवू शकत नाही. अगदी पोपसुद्धा नाही.

तरीही वसईत किंवा मुंबईत ‘तिला चर्चकडून अ‍ॅनलमेंट मिळाली’ असे कानावर येते. त्यापाठोपाठ कोणीतरी म्हणतेच, ‘म्हणजे घटस्फोटच की, फक्त नाव वेगळे!’ आजचा भाग या शेऱ्यासाठी.

आपल्याकडे घटस्फोटाला काडीमोड हा जुना शब्द आहे. काडी मोडायची तर आधी ती हातात असावी लागते. कोर्ट विचारते, काडी कशामुळे मोडली? मारहाण झाली का, कोण कोणाला सोडून गेले, किती वर्षे वेगळे राहता? चर्चचे ट्रायब्युनल विचारते, त्या दिवशी हातात काडी होती का? म्हणजे वेदीसमोर दिलेला होकार खरा होता का? धाकाने दिला होता का? एखादी गंभीर गोष्ट लपवून फसवले होते का? मूल होऊच द्यायचे नाही असे एकाने आधीच मनाशी ठरवले होते का? संसाराची जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमताच नव्हती का? नंतरची भांडणे ट्रायब्युनल ऐकते, पण त्या दिवसाचा पुरावा म्हणून. लग्न चांगले लागले आणि पुढे नासले, असे दिसले तर अर्ज फेटाळला जातो.

या कामात एक विलक्षण पद आहे : विवाहबंधनाचा रक्षक. लग्न खरे होते याच्या बाजूने जे जे म्हणता येईल ते मांडणे हे त्याचे काम. चर्चच्या कायद्यात लग्न वैध आहे असे धरूनच सुरुवात होते. उलटे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. पूर्वी एका ट्रायब्युनलने निकाल दिला तरी दुसऱ्याने दुजोरा द्यावा लागे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही अट काढली आणि प्रक्रिया शक्य तिथे विनामूल्य करण्यास सांगितले.

तीन गैरसमज इथेच दूर करू. लग्न शून्य ठरले म्हणून मुले अनौरस ठरत नाहीत. चर्चचा कायदाच त्यांना औरस मानतो. आणि मार खात नांदलेच पाहिजे, असेही चर्च म्हणत नाही. जिवाला धोका असेल तर वेगळे राहण्याचा हक्क आहे. केवळ कोर्टातून घटस्फोट घेतला म्हणून ख्रिस्तप्रसादही बंद होत नाही. अडचण येते ती पहिले बंधन कायम असताना दुसरे लग्न केल्यावर.

आता कायद्याची बाजू. भारतीय घटस्फोट अधिनियम १८६९ चा. तो इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतलेला, आणि तिथला पक्षपातही त्याच्यासोबत आला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. इंग्लंडने ही तफावत १९२३ मध्ये मिटवली. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली आणि संसदेने कायदा बदलला तो २००१ मध्ये. तेव्हा क्रूरता आणि त्याग ही स्वतंत्र कारणे झाली, परस्परसंमतीचा घटस्फोटही आला.

त्याआधी अनेकांना ट्रायब्युनलची वाट जवळची वाटली असेल, तर नवल नाही. पण ती कायद्यापर्यंत पोहोचत नव्हती. चर्चच्या निकालावर विसंबून केलेले दुसरे लग्न अवैध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. ट्रायब्युनलच्या निकालाला कायद्याची मान्यता मिळावी, ही याचिकाही जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली.

याचा व्यवहारातला अर्थ पाहू. समजा, वसईतल्या एका कॅथलिक मुलीचा सहा वर्षांचा संसार संपला आणि तिला पुन्हा चर्चमध्ये लग्न करायचे आहे. नुसता कोर्टाचा हुकूमनामा असेल, तर धर्मगुरू लग्न लावणार नाहीत. नुसता ट्रायब्युनलचा निकाल असेल, तर कायद्याच्या लेखी ती पहिल्याचीच बायको, आणि दुसरे लग्न म्हणजे द्विविवाह. तिला दोन्ही कागद लागतात; म्हणजे दोनदा अर्ज, दोनदा साक्षीदार, आणि तीच जखम दोनदा उघडी करणे.

ही दुहेरी दगदग खरी आहे. पण ‘फक्त नाव वेगळे’ हे खरे नाही. कोर्टात ती सहा वर्षांचा हिशेब देईल. ट्रायब्युनलसमोर तिला एका सकाळबद्दल सांगावे लागेल : ‘हो’ म्हणताना आपल्या मनात नेमके काय होते. कदाचित हा प्रश्न तिला लग्नाआधी कोणी विचारलाच नसेल.

पुढील भागात : गोव्यात १८६९ चा हा कायदा नाही. तिथे पोर्तुगीज प्रजासत्ताकाने १९१० मध्येच घटस्फोटाचा कायदा केला होता. एका चर्चची, पण दोन राजवटींची ती कथा पुढच्या आठवड्यात.