पान कोणाचे, अळी कोणाची

अळी ओळखताना रंगावर भिस्त ठेवली की फसगत होते. सागाची पाने फस्त करणारी हायब्लिया प्युएराची अळी कधी हिरवी असते, कधी काळपट, कधी पाठीवर नारिंगी पट्टा असलेली. जात मात्र एकच. म्हणून अळीआधी झाड पाहावे आणि पान कसे खाल्ले आहे ते पाहावे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवनात पान खाण्याच्या पद्धतीतला फरक उघड दिसतो. हायब्लियाची अळी पावसाळ्याच्या सुरुवातीच्या कोवळ्या पालवीवर येते. पानाची कड कापून, दुमडून, रेशमी धाग्याने चिकटवून ती आत लपते आणि जाड शिरा सोडून सारे पान खाते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दुसरीच अळी येते, युटेक्टोना मॅकेरॅलिसची. ती शिरांमधला हिरवा गर तेवढा खाते. मागे तपकिरी जाळी उरते आणि दुरून अख्खे रान करपल्यासारखे वाटते. दिसायला हे नुकसान भयंकर, पण पानगळ जवळ आलेली असल्याने झाडाला त्याची झळ कमी बसते. खरा फटका हायब्लियाचा. केरळात निलंबूरच्या कोवळ्या साग लागवडीत तिच्यामुळे लाकडाची ४४ टक्के वाढ बुडाल्याचे वनसंशोधकांनी मोजले आहे.

ऐन आणि अर्जुनावरची जाडजूड हिरवी अळी मात्र कीड नव्हे. ती टसर रेशमाची, आरमोरी परिसरात तिच्यावर कुटुंबे पोसली जातात. फवारणी करणाऱ्याला झाडाची ओळख असणे किती गरजेचे आहे, हे इथे कळते.

या सगळ्या पतंगांच्या अळ्या. परसातल्या मुळा-मोहरीच्या वाफ्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास दिसणारी हिरवट काळी अळी वेगळ्या कुळातली आहे. ती सॉफ्लायची, म्हणजे मधमाशी-गांधीलमाशीच्या गणातल्या करवती माशीची. मादी करवतीसारख्या अवयवाने पानाची कड चिरून आत अंडी घालते. अळीला बोट लागताच ती वेटोळे करून खाली पडते आणि मेल्याचे सोंग घेते.

खात्री पायांवरून होते. पुढचे तीन जोड खरे पाय दोघींनाही असतात. त्यामागे पतंगाच्या अळीला मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या, तळव्यांवर बारीक आकडे. मोहरीवरच्या सॉफ्लायला अशा आठ जोड्या असतात आणि आकडे नसतात. भिंगातून डोके पाहिले तर सॉफ्लायच्या अळीला दोन्ही बाजूंना एकेकच ठळक डोळा. पतंगाच्या अळीला बहुधा सहा-सहा बारीक ठिपके. हा भेद शेतकऱ्याच्या खिशाशीही निगडित आहे: पतंगांच्या अळ्यांवर चालणारे बीटी जिवाणूचे औषध सॉफ्लायवर चालत नाही.

बहुतेक कीटकांचे प्रकार विषुववृत्ताकडे वाढतात. सॉफ्लायचे उलट आहे. फिनलंडच्या लॅपलंडसारख्या थंड मुलखात विलो आणि बर्चवर त्यांची गर्दी असते. कित्येक जाती विलोच्या ठरावीक प्रकारांवरच गाठी करतात, त्यामुळे तिथेही आधी झाडाचे नाव नक्की करावे लागते.

एवढ्यावरही शंका राहिली, तर अळी त्याच झाडाच्या ताज्या पानांसह बरणीत पाळावी. तोंडाला जाळीचे कापड आणि तळाशी ओलसर माती हवी, कारण मोहरीवरची अळी मातीतच कोष करते. बरणीवर झाडाचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहावी. पंखांवर भुकटीसारखे खवले असलेला किडा निघाला तर तो पतंग. चार पातळ, बिनखवल्यांचे पंख आणि गांधीलमाशीसारखी बारीक कंबर नसलेली नारिंगी-काळी माशी निघाली तर ती सॉफ्लाय.