पाण्याला जात कळते का?

एक सोपा प्रयोग करू या. आमच्या लवळ्यातल्या नळाचे असो वा तुमच्या गावच्या विहिरीचे, १८ ग्रॅम पाणी घ्या. त्यात पाण्याचे सुमारे ६ वर २३ शून्ये इतके रेणू असतात. प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. भांड्याला कोणीही शिवले तरी ही रचना बदलत नाही. हात अस्वच्छ असतील तर जंतू पाण्यात जातील. पण जंतू जात विचारत नाहीत.

आता साताऱ्याच्या शाळेतला भीमराव आंबेडकर पाहा. बसायला घरचे गोणपाट. नळाला हात लावायची बंदी. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच! पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्याला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा मुलांनी फळ्यामागचे आपले डबे धावत जाऊन हलवले. संस्कृत नाकारले गेले, म्हणून तो फारशी शिकला. १९०७ साली मॅट्रिक झाला, १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला.

त्याच अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, पाण्याचे नळही वेगळे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा शाळा १९५४ साली बेकायदा ठरवल्या.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला.

आता घरचा अभ्यास. गावात पूर्वी पाणवठे किती होते, आणि कोणता कोणाचा, हे आजी-आजोबांना विचारा. उत्तर वहीत लिहा.